रायफल वाटणीत धरली दोन लाखाला

आठवड्यातून एखादी तरी प्रेस नोट या थाटाची येतेच. स्थानिक गुन्हे शाखेच्या पथकाने सापळा रचला, एक इसम संशयितरित्या फिरताना मिळून आला, अंगझडतीत एक गावठी कट्टा किंमत ३० हजार, दोन जिवंत काडतुसे किंमत १ हजार, असा एकूण ३१ हजारांचा मुद्देमाल जप्त. आम्ही पत्रकार ते जसंच्या तसं छापतो. मथळ्यात आकडा टाकतो. आकडा मोठा असला की बातमी दोन कॉलमची होते.

वीस वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. दागिने सापडले तर सोनार वजन करतो. मोटारसायकल सापडली तर आरसी बुक असतं. पण कट्ट्याची किंमत कोण ठरवतं? जी वस्तू कायद्याने कुणी विकू शकत नाही आणि कुणी घेऊ शकत नाही, तिचा बाजारभाव काढायचा कुठून? पंचनाम्यात एक रकाना असतो, तो भरावा लागतो, म्हणून अंदाजे रक्कम लिहिली जाते. इतकंच. पण छापून आलेला आकडा लोक खरा मानतात. 'कट्टा जर तीस हजाराचा, तर आपल्या घरातली मिलिटरीची रायफल किती लाखाची असेल?' असा हिशेब लोक मनात करतात.

हा हिशेब एका घराला कुठे घेऊन गेला ते आज लिहितोय. नावं-गाव देणार नाही. माणसं कष्टाळू आहेत, नावाचा उपयोगही नाही. गोष्ट मात्र पारनेर, श्रीगोंदा, नगर तालुका, जिथे जिथे घरटी फौजी आहे तिथे कुठेही घडू शकते.

वडील फौजेतून निवृत्त झालेले, नंतर बरीच वर्षं एका बँकेत गार्ड. तीन वर्षांपूर्वी वारले. दोन भाऊ. यंदा वाटणी केली. जमीन, विहिरीच्या पाळ्या, घर, गोठा, सगळं पंचांसमोर बसून कागदावर उतरवलं. कपाटात वडिलांची रायफल होती. ती कशात धरायची? धाकट्याने यूट्यूबवर एक व्हिडिओ पाहिला होता. अमेरिकेत कुणीतरी जुनी लष्करी सेमी-ऑटोमॅटिक रायफल दाखवतोय, तिच्यावरचे शिक्के वाचतोय आणि शेवटी डॉलरमध्ये किंमत सांगतोय. त्याचे रुपये केले, थोडं कमी-जास्त केलं, आणि रायफल दोन लाखाला धरली. थोरल्याच्या वाट्याला रायफल आली, धाकट्याच्या वाट्याला त्या बदल्यात दोन दुभत्या गायी गेल्या. पंचांनी सह्या केल्या. त्यात एक माजी सरपंचही होते.

मग थोरल्याला पैशाची गरज पडली. त्याने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. "सर, तुमची ओळख असती सगळीकडं. वडलांची मिलिटरीतली सेमी-ऑटोमॅटिक आहे. गिऱ्हाईक बघून द्या. दीड आले तरी चालतील."

मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, हा फोटो आणखी कुणालाही पाठवू नको. दोन, रायफलीला हात लावू नको. साफ करू नको, उघडू नको, कुणाला दाखवायला बाहेर काढू नको. आणि फोटो घेऊन मी भिंगारला एका नानांकडे गेलो. नाना लष्करात आर्मोरर होते. उभी हयात रायफली खोलण्या-जोडण्यात गेलेली. चष्मा पुसत त्यांनी फोटो पाहिला आणि मला विचारलं, "काय म्हणतोय तो, सेमी-ऑटोमॅटिक? मला सांग, एक गोळी झाडली की दुसरी आत कोण घालतं? माणूस की रायफल?"

ओळखण्याची सगळी सुरुवात या एका प्रश्नात आहे. हाताने बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, तेव्हा दुसरी गोळी नळीत जात असेल तर ती बोल्ट ॲक्शन. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि सुटलेल्या गोळीच्याच गॅसच्या किंवा धक्क्याच्या जोरावर पुढची गोळी आपोआप आत जाते, फक्त चाप पुन्हा ओढावा लागतो, ती सेमी-ऑटोमॅटिक. चाप धरून ठेवला की गोळ्या सुटतच राहतात, ती ऑटोमॅटिक. आमच्या बातम्यांत 'ऑटोमॅटिक पिस्तूल' हा शब्द सर्रास येतो. त्यातली बहुतेक पिस्तुलं सेमी-ऑटोमॅटिक असतात. शब्द एकच चुकतो, पण कायद्यात त्या एका शब्दाने माणसाची काही वर्षं इकडची तिकडे होतात.

फोटोत रायफलीच्या उजव्या अंगाला बोल्टची मूठ स्पष्ट दिसत होती. नाना म्हणाले, "ही सेमी-ऑटोमॅटिक नाही. मिलिटरीची पण नाही. तीनशे पंधरा आहे. बँकेच्या गार्डकडं असती ती."

आपल्याकडे जुनी लांब रायफल दिसली की लोक तिला एकतर 'थ्री नॉट थ्री' म्हणतात, नाहीतर 'एसएलआर'. म्हणून नानांनी समजावलेलं आणि मी नंतर वाचून पडताळलेलं थोडक्यात सांगतो.

.३०३ ही इंग्रजांच्या फौजेची ली-एनफिल्ड. बोल्ट ॲक्शन, मॅगझिनमध्ये १० गोळ्या. दोन्ही महायुद्धांत आपले जवान हीच घेऊन लढले. आपल्याकडे ती बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनायची. धातूवर कारखान्याचं नाव किंवा आर.एफ.आय. ही अक्षरं, साल आणि नंबर कोरलेला असतो. इंग्रजांच्या काळातली असेल तर राजमुकुटही दिसतो.

१९६२ च्या चीन युद्धानंतर लष्कराला नवी हत्यारं घाईने हवी होती. त्या काळात इशापूरला त्याच एनफिल्डचं रूप ठेवून ७.६२ मिलिमीटरची गोळी घेणारी रायफल बनवली. तिला २ए१ म्हणतात. दिसायला .३०३ ची सख्खी बहीण, पण मॅगझिन जास्त चौकोनी आणि १२ गोळ्यांचं. भले भले इथे फसतात. नाव .३०३ चं घेतात आणि बोअर असतो ७.६२.

आणि मग एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. ही खरी सेमी-ऑटोमॅटिक. मूळ रचना बेल्जियमच्या एफएन कंपनीच्या एफएएल रायफलीची. आपल्या इशापूरमध्ये बनलेल्या रूपाला १ए१ नाव दिलं. २० गोळ्यांचं मॅगझिन खाली बाहेर आलेलं, वर उचलायला एक हँडल, लाकडी दस्ता, वजन साडेचार किलोच्या आसपास. १९७१ च्या लढाईतल्या फोटोंत जवानांच्या हातात हीच दिसते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इन्सास आली आणि एसएलआर हळूहळू लष्कराकडून मागे पडत राज्यांच्या पोलिसांकडे, निमलष्करी दलांकडे राहिली. आजही महाराष्ट्रात पोलीस ठाण्याच्या दारावर, न्यायालयाच्या आवारात, ट्रेझरीवर गार्डच्या खांद्याला ती दिसेल.

.३१५ ची गोष्ट वेगळी. इंग्रजांना भीती होती की फौजेची गोळी लोकांच्या बंदुकीत बसली तर बंडाच्या वेळी फौजेचाच दारूगोळा फौजेवर चालेल. म्हणून .३०३ सामान्य माणसाला बंद केली. मग शिकारीसाठी, रखवालीसाठी वेगळ्या बोअरची रायफल आली, तिच्यात लष्कराची गोळी बसत नाही. आजही सरकारी कारखान्यातून नागरिकांना परवान्यावर मिळणारी .३१५ ही त्याच विचारातून आलेली. बोल्ट ॲक्शन. निवृत्त फौजी ही नाहीतर बारा बोअर घेतात आणि बँकेत, साखर कारखान्यावर, कॅश व्हॅनवर नोकरी करतात. आपल्या जिल्ह्यात अशी घरं किती आहेत हे वेगळं सांगायला नको.

नानांनी दुसरी गोष्ट सांगितली ती जास्त महत्त्वाची. "फौजेतून रायफल घरी आणली असं कोणी सांगत असल, तर एकतर तो थापा मारतोय, नाहीतर ती चोरीची आहे." फौजेत रायफल जवानाची नसते. ती कोतमध्ये असते, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात. सकाळी सही करून घ्यायची, संध्याकाळी सही करून द्यायची. दस्त्यावर बट नंबर, धातूवर रजिस्टर नंबर. एक रायफल कमी भरली तर अख्खी कंपनी झोपत नाही, चौकशी बसते. निवृत्त होताना जवानाला पेटी मिळते, पेन्शनचे कागद मिळतात, फोटो मिळतो. रायफल मिळत नाही.

आपल्या देशात लष्कराची सेमी-ऑटोमॅटिक रायफल जुनी झाली म्हणून नागरिकाला विकायला निघत नाही. ती पोलिसांकडे जाते, होमगार्डकडे जाते, नेम मारता येणार नाही अशी निकामी करून कवायतीला वापरली जाते, म्युझियममध्ये ठेवतात, नाहीतर तोडून भंगारात जाते. नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये रणगाडे ओळीने उभे आहेत. शाळेच्या सहलीत पोरं त्यावर हात फिरवतात. पण म्हणून कुणी रणगाड्याची किंमत विचारत नाही. रायफल लहान असते, कपाटात मावते, म्हणून तिची विचारतात.

अमेरिकेत चित्र उलटं आहे, आणि यूट्यूबचा सगळा घोळ तिथून येतो. तिथली एम१ गॅरंड ही रायफल १९३६ मध्ये लष्कराने स्वीकारली. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन पायदळाची मुख्य सेमी-ऑटोमॅटिक. ५० लाखांहून जास्त बनल्या. त्यातल्या उरलेल्या, लष्कराने काढून टाकलेल्या रायफली तिथे नेमबाजीला प्रोत्साहन देणाऱ्या संस्थेमार्फत, पार्श्वभूमी तपासून, नागरिकांना रीतसर विकल्या जातात. त्यांना प्रत ठरवून दिलेली असते. नळी किती झिजली आहे, लाकूड मूळचं आहे की बदललेलं, सुट्या भागांवरचे शिक्के त्याच काळातले आहेत की निरनिराळ्या रायफलींचे भाग एकत्र जोडले आहेत, कोणत्या कारखान्याची, कोणत्या सालाची, यावर भाव ठरतो. एखादी रायफल अमुक लढाईत होती असा कागद असेल तर भाव आणखी वर. आपल्या इशापूरच्या २ए१ सुद्धा तिथे सरप्लस म्हणून गेल्या आणि हौशी लोकांनी घेतल्या. आपल्याकडे जी घरात ठेवली तर तुरुंग, ती तिथे दिवाणखान्यात टांगलेली असते.

म्हणजे एकाच लोखंडाची किंमत देश बदलला की बदलते. ती लोखंडात नसते, कागदात असते. ही गोष्ट आपल्या लोकांना सोपी करून कुणी सांगत नाही.

आता आपला कागद काय म्हणतो ते. शस्त्र अधिनियम १९५९ चा. त्याखालच्या नियमांत शस्त्रांचे वर्ग पाडले आहेत. .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची लष्करी गोळी घेणारी रायफल, मग ती बोल्टची असो की सेमी-ऑटोमॅटिक, सर्वांत वरच्या, कडक वर्गात येते. तिचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. तो अधिकार केंद्र सरकारकडे आहे. .३१५ आणि बारा बोअर खालच्या वर्गात, त्यांचा परवाना जिल्ह्यात मिळतो.

२०१९ च्या डिसेंबरमध्ये हा कायदा दुरुस्त झाला. पूर्वी एका परवानाधारकाला तीन शस्त्रं ठेवता यायची, आता दोन. वारशाने आलेलं शस्त्रही या दोनात मोजलं जातं. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. आणि शिक्षा वाढल्या. बिनपरवाना साधं अग्निशस्त्र जवळ बाळगलं तर किमान दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. बंदी असलेल्या वर्गातलं असेल तर किमान सात, जास्तीत जास्त चौदा.

संजय दत्तचा खटला सगळ्यांना आठवतो. एके-५६ रायफल आणि ९ एमएम पिस्तूल. 'टाडा'तून सुटला, पण शस्त्र कायद्यातून सुटला नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषी ठरवणं कायम ठेवलं आणि शिक्षा सहा वर्षांवरून पाच वर्षांवर आणली, कारण बंदी असलेल्या शस्त्राला तेव्हा किमान शिक्षाच पाच वर्षं होती. त्याखाली जायला न्यायालयाला जागा नव्हती. आज तीच किमान शिक्षा सात आहे. पैसा, नाव, वकील सगळं असलेल्या माणसाची ही गत, तर दोन गायी देऊन रायफल घेतलेल्या शेतकऱ्याने काय करावं?

"पण ती जुनी आहे, गंजली आहे, चालत नाही," असं प्रत्येक घरात म्हणतात. कायद्यात जुन्या शस्त्रांना सूट आहे, हे खरं. पण ती वाचताना लोक अर्धंच वाचतात. कालबाह्य बनावटीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकळीला आलेलं शस्त्र, आणि ते दुरुस्त करून किंवा न करताही अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही असं असेल, तरच सूट. 'दुरुस्त करून' हे शब्द नीट वाचा. घरात पडून गंजलेली रायफल मिस्त्रीने तेलपाणी करून चालू होत असेल, तर ती कायद्याच्या दृष्टीने जिवंत आहे. आणि ती चालते की नाही हे शेजारी ठरवत नाही, प्रयोगशाळेतला बॅलिस्टिक तज्ज्ञ ठरवतो. तोवर गुन्हा दाखल होऊन गेलेला असतो.

महाराष्ट्रात लष्करी रायफलीला सरकारने किंमत लावल्याचं एकच ठिकाण मला माहीत आहे, आणि ते गडचिरोलीशी जोडलेलं आहे. आपल्या जिल्ह्यातली पोरं भरती होऊन तिकडे ड्युटी करतात, म्हणून तिथल्या बातम्या आपल्याकडेही वाचल्या जातात. नक्षलवाद्यांनी शस्त्रासह आत्मसमर्पण केलं तर पुनर्वसनाच्या रकमेशिवाय शस्त्राचे वेगळे पैसे मिळतात. कुठल्या शस्त्राला किती, याचा दर ठरलेला आहे. मशीनगनला सर्वांत जास्त, मग एके-४७, मग उतरत्या क्रमाने बाकीची. हा बाजारभाव नाही. शस्त्र जंगलातून बाहेर यावं म्हणून सरकार मोजत असलेली ती रक्कम आहे.

आणि तिथल्या जप्तीच्या याद्या बघा. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या चकमकीत २९ शस्त्रं मिळाली, त्यात नऊ एसएलआर होत्या. नक्षलवाद्यांकडे एसएलआर येते कुठून? दुकानातून नाही. २००९ हे एक साल आठवा. फेब्रुवारीत मरकेगावला १५ पोलीस मारले गेले, ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७. मारल्यावर त्यांची शस्त्रं नेली. म्हणून जंगलात एखादी एसएलआर सापडली की पहिलं काम तिचा नंबर वाचणं. नंबर लुटलेल्या शस्त्रांच्या यादीशी ताडून बघतात. नंबर जुळला तर कळतं की ही अमुक दिवशी अमुक ठिकाणी, अमुक शिपायाच्या हातात होती.

माझ्या मते रायफल ओळखणं म्हणतात ते हे. अमेरिकेतला हौशी माणूस नंबर वाचतो तो भाव काढायला. गडचिरोलीतला पोलीस नंबर वाचतो तो आपला माणूस शोधायला.

जुन्या रायफलीची आणखी एक किंमत असते, तीही आपण मोजलेली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर अतिरेक्यांच्या हातात एके रायफली होत्या आणि आपल्या पोलिसांकडे लाठ्या आणि .३०३. साताऱ्याच्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून उभे राहिले, तेव्हा त्यांच्याकडे बंदूक नव्हती. लष्कराला नकोशी झालेली हत्यारं पोलिसांना चालवून घ्यायला लावायची, हा हिशेब कागदावर स्वस्त दिसतो. त्याचं बिल शिपायाच्या घरी येतं. कपाटातल्या रायफलीचे लाख मोजणाऱ्यांनी कधीतरी ठाण्याच्या दारावरच्या गार्डची रायफल कोणत्या सालची आहे तेही विचारावं.

तर पुन्हा त्या दोन भावांकडे येतो.

रायफल .३१५. वडील होते तोवर परवाना चालू होता. ते गेल्यानंतर कुणी कळवलं नाही, पुढे मुदतही संपली. म्हणजे आजच्या घडीला ती बिनपरवाना. वाटणीच्या कागदावर 'रायफल एक, किंमत २ लाख' असं लिहून खाली पाच जणांच्या सह्या. बेकायदा शस्त्र घरात आहे आणि ते आपण एकमेकांच्या ताब्यात दिलं, याचा पुरावाच त्यांनी स्वतःच्या हाताने तयार करून ठेवला होता. थोरल्याने ती परस्पर विकली असती तर पुढे ती कुणाच्या हातात गेली असती आणि कुठल्या गुन्ह्यात निघाली असती, सांगता येत नाही. नंबर मात्र वडिलांच्या नावावरच निघाला असता.

मी त्यांना एका वकिलाकडे नेलं. वकिलाने अर्ज लिहिला: वडील अमुक तारखेला वारले, शस्त्र वारसांकडे आहे, जमा करून घ्यावं. मृत्यूचा दाखला, जुना परवाना जोडला. धाकटा यायला तयार नव्हता. "गायी माझ्या नावावर झाल्यात, रायफल त्याची हाय. मी कशाला येऊ?" त्याच्या आईने त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तो आला. ठाण्यात अंमलदाराने पहिला प्रश्न विचारला, "तीन वर्षं काय करत होता?" थोरल्याने खरं ते सांगितलं, "साहेब, कुणी सांगितलंच नाही." त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. दोन तास बसवलं, पण रायफल जमा झाली आणि पावती मिळाली.

त्या पावतीचं मोल दोघांनाही तिथे बसूनच कळलं. कायद्यात सोय अशी आहे की जमा केलेलं शस्त्र वारस आपल्या नावावर परवाना झाल्यावर परत घेऊ शकतो, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला रीतसर विकून त्याचे पैसे घेऊ शकतो. ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर सरकारजमा होतं. म्हणजे खरी किंमत मिळण्याचा रस्ता आहे, पण तो ठाण्यातून जातो, यूट्यूबवरून नाही. आणि जी मिळेल ती दोन लाख नसेल. वाटणीचा कागद आता पुन्हा लिहायचाय. गायींचं काय करायचं यावर अजून बैठका चालू आहेत. तो त्यांच्या घरचा प्रश्न.

आपल्या सगळ्यांच्या उपयोगाचं मात्र इथे लिहून ठेवतो.

१. घरात वडिलोपार्जित बंदूक किंवा रायफल असेल तर आधी परवाना शोधा. त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर, नंबर आणि मुदत असते. ओळख पटवायची ती या कागदावरून. बंदूक स्वतः खोलून, काडतूस आहे का बघून नाही. जुनी गोळी आत असू शकते.

२. परवान्यावर युनिक आयडी नंबर आहे का बघा. परवान्यांची नोंद आता देशाच्या एकाच संगणकीय यादीत आहे. नंबर नसलेला जुना परवाना चालत नाही.

३. परवानाधारक हयात असतील आणि वय सत्तर झालं असेल, किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्यांच्याकडे असेल, तर ते असतानाच वारसाच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. बाकीच्या वारसांची ना-हरकत लागते. हे काम दहाव्यापर्यंत लांबवू नका.

४. परवानाधारक वारले असतील किंवा मुदत संपली असेल तर लवकरात लवकर ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा. लेखी अर्ज द्या, पावती घ्या, पावतीची झेरॉक्स काढून ठेवा. आधी वकिलाशी बोललात तर उत्तम.

५. विकायचं असेल तर घेणाऱ्याकडे त्या शस्त्राचा परवाना पाहिजे, आणि विकण्याआधी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो टाकून गिऱ्हाईक शोधणं म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा वाटत सुटणं.

६. आणि फोटोतली रायफल एसएलआर, .३०३ किंवा ७.६२ ची वाटत असेल, तर किमतीचा विषयच डोक्यातून काढा. वकील गाठा, त्याच दिवशी.

प्रशासनाला एक सुचवतो. प्रत्येक निवडणुकीत परवान्यांची छाननी होते आणि शस्त्रं जमा करून घेतात. म्हणजे कोणत्या गावात कुणाकडे कोणती बंदूक आहे, याची यादी प्रत्येक ठाण्यात असते. गावात माणूस वारला की मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. या दोन याद्या वर्षातून एकदा शेजारी ठेवून बघितल्या, तर कोणत्या घरात मयताच्या नावावर बंदूक पडून आहे ते एका दुपारात कळेल. अशा घरी शिपाई पाठवून समन्स नको, एक साधं पत्र पाठवा: 'आपल्या वडिलांच्या नावावर शस्त्र आहे, अमुक तारखेपर्यंत जमा करा, ही कागदपत्रं आणा.' सैनिक कल्याण कार्यालयाने माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शन आणि दाखल्यांबरोबर दहा मिनिटं यावर बोलावं. यातली बहुतेक माणसं गुन्हेगार नाहीत. त्यांना फक्त कुणी सांगितलेलं नाही.

आणि आम्हा पत्रकारांसाठीही. शस्त्राच्या बातमीत 'किंमत अंदाजे' हा आकडा मी यापुढे मथळ्यात घेणार नाही. कोणत्या प्रकारचं, कोणत्या बोअरचं, नंबर शाबूत आहे की घासून काढलाय, कुणाच्या नावावर होतं, कुठून आलं, हे विचारणार. उत्तर मिळालं तर छापणार, नाही मिळालं तर 'माहिती दिली नाही' असं छापणार.

पोस्ट लांबली. पण तुमच्या गावच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर तेवढी टाका. कुणाच्या तरी कपाटात आज एक पडून असणार.